मदत हवी आहे: टाकीचा सेन्सर झोपला की पाणी वाहतं, जागा ठेवला की सेल संपतो

मंडळी, परळला आमची सात मजली सोसायटी. गच्चीवरच्या टाकीत ईएसपी३२ (वाय-फायवाली छोटी चिप) आणि पाण्याची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवलाय (दोन्ही लॅमिंग्टन रोडची खरेदी), खाली पंपाच्या खोलीत दुसरा ईएसपी३२ आणि रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच). टाकी भरली की वरून निरोप, खाली पंप बंद. गच्चीवर वीज नाही आणि सेक्रेटरीकाका वायर ओढू देत नाहीत, म्हणून २६०० एमएएचचा एक १८६५० (लिथियम) सेल.

वाय-फाय सतत चालू ठेवलं तर सरासरी १०० मिलिअँपिअर जातात, सेल जेमतेम दिवसभर पुरतो. डीप स्लीपमधून (वाय-फायसह जवळपास सगळं बंद असलेली गाढ झोप) दर मिनिटाला उठवलं तर राउटरशी जोडणी धरून चार सेकंद जातात, म्हणजे हिशेबाने सोळा दिवस. दर १५ मिनिटांनी उठवलं तर महिनोन्‌महिने. पण गेल्या रविवारी तो झोपलेला असतानाच टाकी भरली. पाणी थेट खालच्या स्कूटरवर, आणि ग्रुपवर माझा उद्धार.

मधला मार्ग म्हणून मोडेम स्लीप केलं, म्हणजे जोडणी कायम, पण रेडिओ अधूनमधून बंद. राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन ('मी इथे आहे' असा छोटा संदेश) पाठवतो. लिसन इंटरव्हल (किती बीकनमागे एकदा ऐकायचं तो आकडा) १० ठेवला की चिप सेकंदातून एकदाच कान टवकारते. म्हटलं, पंप सुरू झाला की खालून वर सांगू, 'आता जागा राहा'. पण निरोप कधी पोचतो, कधी नाही. बहुतेक एआरपीचा ब्रॉडकास्ट (निरोपाआधी 'हा पत्ता कुणाचा?' अशी सगळ्यांना दिलेली हाक) वरच्या चिपच्या डुलकीत निघून जातो. काय करावं?

प्रतिसाद १: वरच्याला ऐकायला लावूच नका. लोरावॅनच्या (कमी विजेवर लांब निरोप पाठवणारं रेडिओ नेटवर्क) क्लास ए उपकरणांसारखं करा: तो स्वतः बोलेल, मग क्षणभर ऐकेल, उत्तरातच पुढची झोप किती ते सांगा. आणि वॉचमनने बटण दाबलं तरी वरच्याची पुढची हजेरी लागेपर्यंत रिले ओढू नका. पंप दहा मिनिटं उशिरा सुरू झाला तर कुणाचं बिघडत नाही, उशिरा बंद झाला तर स्कूटर भिजते. पंप चालू असताना झोप ३० सेकंद, एरवी दहा मिनिटं. दोन मिनिटं निरोप आला नाही तर पंप बंद. स्टॅटिक आयपी (कायमचा ठरलेला नेटवर्क पत्ता) द्या, चार सेकंदही कमी होतील.

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं! फक्त वॉचमनकाका पंप लागत नाही म्हणून दहा वेळा बटण दाबतील. बटणाशेजारी 'ऐकलं, थांबा' सांगणारा पिवळा दिवा लावतो.

प्रतिसाद २: आणि डेव्हबोर्डवरचा (चिप बसवलेल्या तयार बोर्डावरचा) लाल एलईडी काढा. तो झोपत नाही.