लाईकनंतर काय?
सामाजिक संस्थांची एक तक्रार असते की सोशल मीडियावर संस्थेच्या पानावर लाईक भरपूर, पण मदतीला कोणी फिरकत नाही. बहुतेक वेळा लोकांना नेमकं काय करायचं ते सांगितलेलंच नसतं. आमिर खानने सुरू केलेल्या पाणी फाउंडेशनचं बघा. २०१६ साली त्यांचा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, सुरू झाला तो वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीनच तालुक्यांत. पुढे त्यांनी शहरातल्या लोकांना 'जलमित्र' म्हणून ऑनलाइन नोंदणी करायला लावली आणि १ मे २०१८ ला महाश्रमदानाला बोलावलं. तारीख ठरलेली, काम ठरलेलं. तिथे घाम गाळून आलेला माणूस फोटो आपणहून टाकतोच. (आमिर खान सगळ्या संस्थांना मिळत नाही, हेही मान्य!)

लहान संस्थेने व्हॉट्सअ‍ॅपवरच भर द्यावा. पण ब्रॉडकास्ट लिस्टमधला (एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा जाणारा) मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून देणगीची पावती पाठवतानाच तशी विनंती करा. रोजचं 'सुप्रभात' नको. महिन्यातून एकदा पैसे कुठे लागले ते सांगा, बिलाच्या फोटोसकट.

मुलांचे केविलवाणे चेहरे दाखवून पैसे मागणं मात्र मला अजिबात पटत नाही. त्यांच्या आईवडिलांना विचारलेलं तरी असतं का?