आठवीनंतर मुलगी तालुक्याच्या शाळेत जाणार आहे; तयारी कोठून सुरू करावी?

प्रश्न : कोरडवाहू शेतकरी, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

सर्वांना नमस्कार. आमच्या गावातील जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंतच असल्याने माझी मुलगी यंदा नववीसाठी चौदा किलोमीटरवरील शाळेत एसटीने जाणार आहे. आजवर प्रगतिपुस्तकात चांगली श्रेणी मिळत आल्यामुळे घरात कोणाला काळजी नव्हती. मागच्या आठवड्यात मात्र मी खताची पावती तिच्यापुढे ठेवली आणि त्यावरचा कर बरोबर लावला आहे का, एवढे पाहायला सांगितले. ती बराच वेळ पेन्सिल घेऊन बसली, दोनदा खोडले आणि शेवटी माझा मोबाईल मागू लागली. अडीच टक्के म्हणजे काय, हेच तिला कळत नव्हते.

मी स्वतः दहावीला गणितातच राहिलो आणि पत्नी सातवी शिकलेली आहे. नात्यातील एकाने आताच अकोल्याला ठेवून क्लास लावण्याचा सल्ला दिला. परंतु सहा एकर कोरडवाहूवर, तेही कपाशी आणि तुरीच्या भरवशावर, हा खर्च मला दोन-चार वर्षे पेलणार नाही. दिवाळीनंतर वेचणीला मजूर मिळत नाहीत, तेव्हा ती आईसोबत वावरात असते, कधी शाळा बुडवूनही, हे लपवून ठेवत नाही. शाळा उघडायला अजून महिना आहे. या महिन्यात काय करावे आणि क्लास खरोखरच लागतो का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : निवृत्त गणित शिक्षक, वर्धा जिल्हा

भाऊ, तुमच्या पावतीपासूनच सुरुवात करतो, कारण सगळा आजार त्या एका कागदावर दिसतो. शिक्षण हक्क कायद्यामुळे बरीच वर्षे आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवले जात नव्हते. त्यामुळे मुले गळायची थांबली, हे चांगलेच झाले. पण कच्चेपण श्रेणीच्या आड झाकले गेले आणि अनेकांना नापास होणे म्हणजे काय, हे नववीतच पहिल्यांदा कळले. पालक दहावीला घाबरतात, मी मात्र पूर्ण नोकरीभर नववीला घाबरत आलो. वर्गसमीकरण सोडवताना अडलेल्या मुलाची वही मागे मागे चाळत गेलो की बहुतेक वेळा सहावी-सातवीतील अपूर्णांकांची बेरीज किंवा ऋण संख्यांचे चिन्ह सापडत असे.

म्हणून या महिन्यात नववीचे पुस्तक उघडूच नका. बालभारतीची सहावी आणि सातवीची गणिताची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांतील अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या, शेकडेवारी आणि गुणोत्तर-प्रमाण एवढीच प्रकरणे घ्यावीत आणि रोज एक सरावसंच, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, वहीवर सोडवावा. तपासायला गणित यावे लागत नाही; उत्तरे पुस्तकाच्या शेवटी असतात, ती आईसुद्धा जुळवून पाहू शकते. खताची पावती फेकू नका. रासायनिक खतावर ५ टक्के जीएसटी असतो आणि तो केंद्राचा अडीच, राज्याचा अडीच असा विभागलेला असतो. दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे, त्यात हाच हिशेब विचारतात. कृषी केंद्राच्या कागदावर तो तिने आधीच केलेला असेल, तर पुस्तकातील उदाहरण तिला परके वाटणार नाही.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. दहावीत भाषेची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची असते. गणित व विज्ञानाचे प्रत्येकी दोन पेपर ४० गुणांचे आणि दोन तासांचे असतात. आपली मुले वाचतात, पाठही करतात, पण सलग तीन तास लिहिण्याची त्यांच्या बोटांना सवय नसते आणि शेवटचे प्रश्न, जे त्यांना येत असतात, कोरे राहतात. नववीच्या पहिल्या सत्रापासूनच दर रविवारी एक तास घड्याळ लावून उत्तरे लिहून घ्यावीत.

वेचणीला नेऊच नका, असे मी म्हणणार नाही; शेतकऱ्याच्या घरी ते बोलणे सोपे आणि पाळणे अवघड आहे. परंतु एक लक्षात घ्या की २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली, पूर्वी त्यासाठी मार्च उजाडायचा. पऱ्हाटी उभी असतानाच सराव परीक्षा येऊन ठेपतात. रविवार वावरात गेला तर जाऊ द्या, पण शाळेचा दिवस बुडवू नका, कारण चौदा किलोमीटरवरून बुडालेला तास विचारायला पुन्हा कोणी जात नाही.

क्लासबद्दल थोडक्यात सांगायचे तर नववीत तो लागत नाही.

उत्तर २ : एक आई, चंद्रपूर जिल्हा

गुरुजींनी अभ्यासाचे सांगितलेच आहे, मी प्रवासाचे आणि कागदांचे सांगते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो आणि अनेक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाची निळी बस फक्त शाळकरी मुलींसाठी धावते. तुमच्या मार्गावर ती आहे का आणि परतीची शेवटची फेरी कितीची आहे, हे आगारात स्वतः जाऊन विचारा. माझ्या मुलीचा रोज सव्वा तास स्थानकावर बसची वाट पाहण्यात जात असे. ती गृहपाठ तिथल्याच बाकावर संपवू लागली, तेव्हा घरी आल्यावरची चिडचिड आपोआप कमी झाली.

कागदांचे काम नववीतच करा. माझ्या मुलाच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये आडनावाची एक वेलांटी चुकली होती; ती कोणी पाहिली नाही आणि तशीच दहावीच्या गुणपत्रिकेवर छापून आली. पुढे दीड वर्ष आम्ही एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत होतो. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरण्याआधी नाव, जन्मतारीख आणि जात रजिस्टरमध्ये स्वतः डोळ्यांनी पाहून घ्या. इतर मागास प्रवर्गातील असाल, तर पुढे जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची, म्हणजे गावातील जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल आताच शोधायला घ्या, ती एका दिवसात मिळत नाही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाल्यामुळे ऐन वेळी धावपळ करायला सवड मिळत नाही.

उत्तर ३ : पदविका विद्यार्थी, बुलढाणा जिल्हा

गुरुजींबद्दल आदर ठेवून एक मतभेद नोंदवतो. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात सहावीचे पुस्तक देताना जरा जपावे. मला ते माझ्या धाकट्या भावासमोर दिले गेले होते आणि मी ते महिनाभर गादीखाली दडवून ठेवले. घरात लहान भावंड असेल, तर त्याला शिकवण्याचे काम तिच्याकडे द्या. पुस्तकही तेच आणि अभ्यासही तोच, फक्त मान तिचा राहील.

गुणांबद्दल एक इशारा देतो. दहावीची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर, म्हणजे ५०० पैकी काढतात. माझे गणित सहाव्या क्रमांकावर गेल्यामुळे टक्केवारी देखणी दिसली, घरच्यांनी पेढे वाटले आणि मी विज्ञान शाखा घेतली. तिथे तेच गणित पुन्हा पुढे आले, तेही इंग्रजीत. ‘अपवर्तन’ मला उत्तम येत होते, पण फळ्यावर ‘रिफ्रॅक्शन’ लिहिले, तेव्हा हे दोन्ही एकच आहेत हे कळायला दोन तास गेले. विज्ञानाचा विचार असेल, तर नववीपासून प्रत्येक धड्यातील इंग्रजी संज्ञा वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवाव्यात.

आणि विज्ञान शाखा म्हणजेच हुशारी, हे तिच्या मनात आताच भरवू नका. मी अकरावी अर्धवट सोडून तंत्रनिकेतनाला आलो. तीन वर्षांच्या पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ही गोष्ट आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हती.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. धाकटा मुलगा यंदा सातवीत जात आहे, म्हणून त्याची शिकवणी तिच्याकडे दिली. पहिल्या दिवशी त्याने दीड आणि पाऊण यांची बेरीज विचारली. तिने उत्तर दिले नाही, पाणी प्यायला उठली, परत आली तेव्हा हातात भाकरी होती. भाकरीचे चार-चार तुकडे करून दोघांनी मिळून सव्वा दोन काढले. आज अकरावा सरावसंच चालू आहे आणि चुका आता तीच मोजते.

शाळेत जाऊन रजिस्टरही पाहिले. नाव बरोबर आहे, पण जन्मतारखेत ३ चा ८ झाला आहे. मुख्याध्यापकांनी जन्माचा दाखला मागितला असून सोमवारी ग्रामपंचायतीत जातो आहे.