मदत हवी आहे : एंगल्सची कुटुंबाची मांडणी गिरणगावाला लागू पडते का?

नमस्कार मंडळी, एम. ए. समाजशास्त्राच्या टिपणात अडले आहे.

मार्क्सचा सहकारी फ्रेडरिक एंगल्स याने १८८४ मध्ये मांडलं की एकपत्नी कुटुंब खाजगी मालमत्तेच्या वारशासाठी उभं राहिलं. पण मुंबईच्या गिरणी कामगाराकडे वारशाला होतं काय? चाळीतल्या खोलीत पथारीपुरती जागा. बायको-मुलं बहुधा कोकणात नाहीतर घाटावर. तिथे ती भात लावायची, म्हातारी माणसं सांभाळायची, उद्याचा कामगार वाढवायची. मालकाचं मात्र एकट्या गड्याच्या पोटापुरती मजुरी देऊन भागायचं. मालमत्ता नसलेल्या घरात पुरुषी वर्चस्वाचा पायाच उरत नाही, हे एंगल्सचं म्हणणं तर मला मुळीच पटत नाही. (आजी असती तर हसली असती!)

त्यापेक्षा सेल्मा जेम्स आणि मारियारोझा दल्ला कोस्ता या स्त्रीवादी लेखिकांची १९७२ ची मांडणी (बायकांच्या बिनपगारी घरकामातून कामगार घडतो आणि त्याचा फायदा भांडवलाला होतो) इथे जास्त चपखल वाटते. पण मग खानावळवाल्या बायांचं काय? त्या तेच रांधणं-वाढणं पैसे घेऊन करत होत्या. ते घरकाम धरायचं की धंदा?

कुणी यावर वाचलं असेल तर सांगा, मराठीतलं असेल तर उत्तमच. मार्क्सवादी विरुद्ध स्त्रीवादी असा तक्ता नको, तो गाईडमध्ये आहे.