पॅप्रियमला आठ वर्षं लागली, त्यात मेगा ड्राइव्हचा दोष किती?

सोळाबिट: पॅप्रियम या सेगाच्या जुन्या मेगा ड्राइव्ह कन्सोलसाठी बनवलेल्या नव्या मारामारीच्या खेळाबद्दल काल इथे एकाने लिहिलं, "मेगा ड्राइव्हला मेमरीच ६४ केबी. असा खेळ सहा महिन्यांत व्हायला हवा, पॅप्रियमवाल्यांनी नुसता वेळ काढला." वाचून राहवलं नाही.

मेमरी कमी म्हणून काम कमी, हा हिशोबच उलटा आहे. मारामारीच्या खेळातला एक गडी ६४ बाय ९६ पिक्सेलचा धरा. ८ बाय ८ पिक्सेलच्या ९६ टाइल, प्रत्येकी ३२ बाइट, म्हणजे एका पोझला ३,०७२ बाइट. ६० हर्ट्‌झवर दोन फ्रेमच्या मधल्या कोऱ्या वेळात डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट माहिती हलवून) व्हीरॅममध्ये, म्हणजे चित्रांच्या मेमरीत, जेमतेम साडेसात केबी जातात. एका फ्रेममध्ये दोघांचीच पोझ बदलते. तिसऱ्याला थांबवायचं, आणि ते खेळणाऱ्याला कळू द्यायचं नाही. वर एका आडव्या ओळीत २० स्प्राइट (हलत्या चित्रांचे तुकडे) किंवा ३२० पिक्सेल, जे आधी भरेल ते. असे पाच गडी एका रांगेत आले की सहाव्याचे हातपाय गायब. शत्रू कुठून येणार, हेसुद्धा त्या ओळीकडे बघून ठरवावं लागतं.

कॅसेटप्रेमी: गणित बरोबर आहे, पण ते १९८८ पासून सगळ्यांना माहीत आहे. २०१२ ला घोषणा, २०१७ ला आगाऊ पैसे, २०१८ ला पॅरिसात कार्यक्रम, आणि कॅसेट २०२० च्या डिसेंबरात. पैसे घेतल्यावर का डीएमए सापडला? त्यातही कॅसेटमध्ये वेगळी चिप घातली. मग मेगा ड्राइव्हचं कौतुक कशाला?

सोळाबिट: सेगाने स्वतः १९९४ मध्ये व्हर्चुआ रेसिंगच्या कॅसेटमध्ये एसव्हीपी चिप घातली होती. तोही खेळ बाद करणार का? आणि पॅप्रियमची कॅसेट ८० मेगाबिटची, म्हणजे १० एमबी. यंत्राला थेट ४ एमबीच दिसतात, म्हणजे बँक (यंत्राला दिसणारा मेमरीचा भाग) बदलणारं काहीतरी कॅसेटमध्ये हवंच.

तारजोड: चिप चालेल की नाही हा वाद बाजूला ठेवा. हल्लीच्या कित्येक नव्या कॅसेटी कन्सोलवर अन्याय करतात, त्यावर कुणीच का बोलत नाही? पाच व्होल्टच्या बसवर (कन्सोल आणि कॅसेट जोडणाऱ्या तारांवर) ३.३ व्होल्टची २९एलव्ही जातीची फ्लॅश, म्हणजे खेळ साठवणारी चिप, सरळ जोडतात. ६८००० ला, म्हणजे कन्सोलच्या मुख्य प्रोसेसरला, दोन व्होल्टच्या वर सगळं 'एक' वाटतं, म्हणून खेळ चालतो आणि बनवणारा खूश. पण पत्त्याच्या तारांवरचे पाच व्होल्ट फ्लॅशच्या संरक्षक डायोडमधून ३.३ च्या रेलवर (तिच्या वीजपुरवठ्याच्या तारेवर) चढतात. साधा रेग्युलेटर करंट देतो, परत ओढून घेत नाही. रेल वर सरकते, फ्लॅश तापते.

कॅसेटप्रेमी: पुन्हा तेच! अशा कॅसेटी वर्षानुवर्षं चालतायत. उगाच लोकांना घाबरवू नका.

तारजोड: चालते म्हणजे बरोबर आहे असं नाही! डेटाशीट उघडा: इनपुटला कमाल व्हीसीसी (चिपचा पुरवठा) अधिक अर्धा व्होल्ट, म्हणजे ३.८. तुम्ही देता पाच. उपाय महाग नाही. डेटाच्या १६ आणि पत्त्याच्या २१ तारा, म्हणजे ७४एलव्हीसी१६२४५ या १६ तारांच्या, मधे बसून व्होल्ट जुळवणाऱ्या बफरच्या तीन चिपा, प्रत्येकीच्या पॉवरच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. डेटाचा बफर कन्सोल कॅसेट वाचत असतानाच उघडा. कायम उघडा ठेवलात तर बसवर दोघं एकदम बोलतात, आणि मार कन्सोलच्या जुन्या चिपांना बसतो. त्या आता कुठून आणणार?

पन्नासहर्ट्‌झ: यात मूळ प्रश्न राहिला. वेळ खातं ते खऱ्या यंत्रावरचं तपासणं. नंतरच्या मेगा ड्राइव्हवर ए१४००० या पत्त्यावर 'सेगा' ही चार अक्षरं लिहिली नाहीत तर पडदा काळा. ढिले इम्युलेटर (कन्सोलची नक्कल करणारे प्रोग्रॅम) माफ करतात. डीएमएचा स्रोत १२८ केबीची सीमा ओलांडून गेला की पुढच्या टाइलचा कचरा. डीएमए चालू असताना झेड८० ला (आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरला) कॅसेटमधली रॉम वाचता येत नाही, म्हणून ड्रमचा आवाज अडखळतो. आपल्याकडच्या पाल टीव्ही-पद्धतीच्या यंत्रांवर तर ५० हर्ट्‌झ: डीएमएला दुपटीहून जास्त वेळ, पण वेग जुळवला नाही तर खेळ एक षष्ठांश संथ.

कॅसेटप्रेमी: बफरचं मान्य, डेटाशीटपुढे बोलता येत नाही. सहा महिन्यांत होत नाही हेही मान्य. पण हे सगळं पक्क्या बोर्डावर तपासून मगच पैसे मागायचे होते. त्यावर सोळाबिट अजून एक शब्द बोललेले नाहीत.

सोळाबिट: पैशांच्या बाबतीत त्यांची बाजू मी घेतलेलीच नाही. तारजोड, पत्त्याच्या बाजूला दोन चिपांऐवजी नुसते रेझिस्टर घातले तर?

तारजोड: नको. करंट कमी होतो, पण सिग्नल चढायला वेळ लागतो. आधी ऑसिलोस्कोप लावून बघा.