'बचाव पक्ष विश्रांती घेतो': या 'रेस्ट'चं करायचं काय?

चौकटराणी

मंडळी, मदत हवी आहे. परदेशी मालिकांची मराठी सबटायटल्स तपासायचं काम करते. पहिला खर्डा यंत्र करतं, मी त्यातला कचरा वेचते. सध्याची मालिका अमेरिकन कोर्टातली आहे. वकीलबाई शेवटचा साक्षीदार तपासतात, न्यायाधीशांकडे वळून ठसक्यात म्हणतात, 'द डिफेन्स रेस्ट्स', आणि खाली पट्टी उमटते: 'बचाव पक्ष विश्रांती घेतो.' आता सतरंजी अंथरणार की काय!

यंत्राला या शब्दाचा एकच अर्थ पाठ आहे. 'द रेस्ट ऑफ द ज्युरी'चं 'ज्युरीची विश्रांती' झालंय. 'रेस्ट अशुअर्ड'चं 'खात्रीशीर आराम', म्हणजे सरळ गादीची जाहिरात. एक घाईला आलेला साक्षीदार 'रेस्टरूम' विचारतो तर त्याला 'विश्रांती कक्ष' दाखवलाय. बिचारा.

एवढे दूरदूरचे अर्थ एका शब्दात आले कसे? काही सूत्र आहे, की दर वेळी संदर्भ बघून डोकं खाजवायचं? आणि शेवटच्या भागात निवृत्त होणारा न्यायाधीश सहकाऱ्यांना म्हणतो, 'आय विल रेस्ट, यू डू द रेस्ट.' यावर तर मी पेन खाली ठेवलंय.

कोशकीडा

राणीबाई, तुमच्या प्रश्नात 'एका शब्दात' आहे ना, तिथेच गोम आहे. हे दोन शब्द आहेत. तोंडवळा सारखा, नातं काही नाही.

पहिला मूळचा जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डच ज्यातल्या त्या, भाषाघराण्यातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ विसावा, झोप, चक्क बिछाना. दुसरा लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने १५व्या शतकाच्या आसपास इंग्रजीत शिरला. लॅटिनमध्ये 'रे' म्हणजे मागे आणि 'स्तारे' म्हणजे उभं राहणं. मागे राहिलं ते, उरलं ते. हा 'स्तारे' आपल्या 'स्था' धातूचा भाऊबंद. स्थान, स्थिर, स्थायी सगळे त्याच गोतावळ्यातले.

मी उमेदीची वर्षं जर्मन शिकवण्यात घालवली. तिथे हा घोळ होतच नाही, कारण जर्मनने दोघांना वेगळं ठेवलंय: 'डी रास्ट' म्हणजे विसावा, स्त्रीलिंगी, 'डेर रेस्ट' म्हणजे उरलेलं, पुल्लिंगी. महामार्गावर पाटी दिसते ती 'रास्टश्टेटं'ची, गाडी थांबवून पाय मोकळे करायची जागा. डचमध्येही दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत मात्र दोघांचा उच्चार एक झाला, स्पेलिंगही एक झालं, आणि तुमच्या यंत्राची पंचाईत झाली.

पहिल्या शब्दाची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याची जुनी भावंडं अंतर मोजायला वापरत. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत 'रास्ता' म्हणजे मैल, प्रवासाचा एक टप्पा. एवढं चाललं की बूड टेकायचं, म्हणून अंतरालाच विसाव्याचं नाव. (आपला 'रस्ता' इथे जोडायचा मोह होईल. आवरा. तो फारसीतून आलाय.)

आता तुमची यादी. 'रेस्ट ऑफ द ज्युरी' दुसऱ्यातला: 'ज्युरीतले बाकीचे'. 'रेस्ट अशुअर्ड'सुद्धा दुसऱ्यातलाच, आणि इथे भले भले घसरतात. त्यात आराम नाही. 'राहा' एवढाच अर्थ आहे, 'खात्री असू द्या'. कोर्टातलं 'रेस्ट्स' पहिल्यातलं: मांडायचं ते मांडून झालं, आता विषय खाली ठेवला. 'बचाव पक्षाचा पुरावा संपला' एवढं पुरे. 'आय रेस्ट माय केस' आलं तर 'माझं म्हणणं संपलं'. मात्र हेच वाक्य घरगुती भांडणात कुणी टोमण्यासारखं मारलं तर 'बघा, मी काय म्हणत होतो!' असं करा. मराठीत तो आविर्भाव असाच येतो.

सूत्र हवंच असेल तर हे घ्या. शब्दाच्या जागी 'उरणं' किंवा 'राहणं' बसवून बघा. बसलं तर दुसरा, नाही बसलं तर पहिला. दहातल्या आठ वेळा चालतं.

'अरेस्ट' कुठला, हा पुढचा प्रश्न येणारच. तोही दुसऱ्याच घरचा: जागच्या जागी थांबवणं. चिलखतावर छातीपाशी भाला टेकवायचा आकडा असे, त्याचं इंग्रजी नावही 'रेस्ट'. पण ते 'अरेस्ट'चा 'अ' गळून झालेलं आहे, कारण आकड्याचं खरं काम धडकेच्या वेळी भाला मागे सरकू न देण्याचं. टेकू वाटतो, असतो अडसर. 'आर्मरेस्ट', 'हेडरेस्ट' हे मात्र पहिल्यातले, खरोखरचे टेकू. आणि 'रेस्टॉरंट' या दोघांपैकी कुणाचंच नाही. ते 'पुन्हा ताजंतवानं करणं' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलंय.

मात्रा_चुकली

कोशकीडा, संगीतातला राहिला की! पाश्चात्त्य स्वरलेखनात 'रेस्ट' म्हणजे ठराविक लांबीची शांतता. पूर्ण रेस्ट ओळीखाली लटकतो, अर्धा रेस्ट ओळीवर बसतो. दोन्ही काळे ठोकळेच, त्यामुळे नवशिके हमखास गफलत करतात. फ्रेंचमध्ये पाव रेस्टला 'सुपिर' म्हणतात, म्हणजे सुस्कारा. त्याच्या निम्मा तो अर्धा सुस्कारा! मला हे नाव इंग्रजीपेक्षा कितीतरी बरं वाटतं, कारण वाजवणाऱ्याला तिथे विश्रांती नसतेच. हात थांबतो, डोक्यात मोजणी चालू. मराठीत 'विराम' म्हणावं.

घर्षणरहित

भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकांतही 'विराम अवस्था'च आहे. न्यूटनचा पहिला नियम पाठ केलेल्या प्रत्येकाला आठवेल. तिथे 'विश्रांती' घातलं तर वस्तू आधी दमली होती असं वाटेल. शिवाय विराम कुणाच्या दृष्टीने, हे सांगावं लागतं: धावत्या गाडीतली बॅग तुमच्या दृष्टीने विरामात, फलाटावरच्या माणसाच्या दृष्टीने सुसाट. 'रेस्ट मास' म्हणजे वस्तू ज्याच्या दृष्टीने थांबलेली आहे त्याने मोजलेलं वस्तुमान. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ते ऊर्जेच्या भाषेत ०.५११ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. फोटॉनचं, म्हणजे प्रकाशाच्या कणाचं, शून्य, आणि तो कुणाच्याच दृष्टीने कधी थांबत नाही.

सर्व्हर_झोपला

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडचा 'रेस्ट' तर आद्याक्षरांचा आहे. 'रिप्रेझेंटेशनल स्टेट ट्रान्सफर', रॉय फील्डिंग यांच्या २००० सालच्या पीएच.डी. प्रबंधातलं नाव. त्यावरून 'रेस्टफुल एपीआय'. एपीआय म्हणजे दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात तो दुवा. एका भाषांतरित माहितीपत्रकात ते 'आरामदायी एपीआय' झालेलं पाहिलंय. तो बंद पडला की रात्री दोनला ज्यांचा फोन वाजतो त्यांना विचारा किती आरामदायी ते.

चौकटराणी

सगळ्यांचे आभार! 'रेस्ट अशुअर्ड'चं लगेच बदललं. रेस्टरूमचं 'बाथरूम' केलं, मराठीत माणूस तेच विचारतो. आता अंत्यविधीचा प्रसंग आलाय, थडग्यावर 'आर. आय. पी.' दिसतं. तिथला रेस्ट पहिलाच ना? आणि पुढे एक घोडा आहे, मालक त्याला 'रेस्टिव्ह' म्हणतो. यंत्र म्हणतं 'निवांत घोडा'. पडद्यावर तो लाथा झाडतोय.

कोशकीडा

थडग्यावरची अक्षरं मुळात लॅटिनची आहेत, 'रेक्विएस्कात इन पाके', 'तो शांततेत विसावो'. इंग्रजीत 'रेस्ट इन पीस' म्हटलं तरी अक्षरं तीच राहतात, हा निव्वळ योगायोग. मराठी पट्टीत 'चिरशांती लाभो' लिहा. आजकाल श्रद्धांजलीत नुसतं 'रिप' ठोकतात, ते तरी कृपया नको. इंग्रजीत 'रिप' म्हणजे फाडणं, त्यामुळे उसवल्याचा भास होतो.

'रेस्टिव्ह' दुसऱ्या घरचा, 'मागे राहणारा'. मूळ अर्थ पुढे पाऊल न टाकणारा, अडून बसणारा घोडा. असा घोडा चाबूक बसला की चुळबुळतो, लाथा झाडतो. त्यामुळे अर्थ सरकत सरकत 'अस्वस्थ, आवरेना असा' इथवर आला. जागचा न हलणारा आणि जागेवर न ठरणारा, दोघांना एकच विशेषण! तुमचा लाथा झाडतोय, तेव्हा 'बिथरलाय'.

मात्रा_चुकली

आणि त्या न्यायाधीशाचं काय? 'मी विसावतो, बाकीचं तुम्ही निभावा'?

कोशकीडा

अर्थ आला, कोटी गेली. तिथे दोन्हीकडे एकच शब्द वाजायला हवा. 'रेस्ट'चा नाद सोडून मराठीतलाच एखादा दुहेरी शब्द पकडू. 'मी सुटलो, आता बाकीचं तुम्ही सोडवा.'

चौकटराणी

वा! ओळीत मावतंय पण. फक्त न्यायाधीशाच्या तोंडी 'सुटलो' म्हणजे जामीन मिळाल्यासारखं नाही का वाटणार?

सर्व्हर_झोपला

निवृत्त होतोय ना? मग अगदी तसंच वाटत असणार. राहू द्या.