ब्लेंडरमधल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याला लेन्स फ्लेअर: काय वापरू, किती ठेवू?

किल्लावेडी:
नमस्कार मंडळी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आपल्या किल्ल्याचं निसर्गचित्र करतेय. समोर मानमंदिराचे निळ्या फरशांचे बुरूज, खाली कडा, मागे उगवता सूर्य. गणेशोत्सवातल्या प्रदर्शनात छापून लावायचंय, दोन फूट बाय तीन फूट. चित्र स्वच्छ आलंय, पण सूर्य म्हणजे नुसती पांढरी टिकली दिसते. फ्लेअर, म्हणजे सूर्य समोर असताना फोटोत येते ती चमक आणि चकत्यांची रांग, द्यायचाय. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फुकटात झालं तर उत्तम, फार तर हजार रुपये. काय घेऊ?

रेंडरबहाद्दर:
आफ्टर इफेक्ट्स हे व्हिडिओचं सॉफ्टवेअर घ्या आणि त्यावर ऑप्टिकल फ्लेअर्स हा प्लगइन. मी लग्नाच्या व्हिडिओंसाठी घेतलंय, पैसे कधीच वसूल झाले. प्रत्येक चकती वेगळी हलवता येते, रंग बदलता येतो. याच्या जवळ फुकटातलं काहीही जात नाही.

बाड्यावरचा:
आधी ग्राफिक्स कार्ड घ्या, ताई. १२ जीबीच्या खाली बघूच नका. मी सुरुवातीला कमी मेमरीचं घेतलं, दुकानदार म्हणाला चालेल. झाडं टाकली की रेंडर, म्हणजे दृश्यातून अंतिम चित्र काढणं, मध्येच बंद पडायचं.

किल्लावेडी:
दादा, बजेट हजार रुपये लिहिलंय. आणि मला एकच स्थिर चित्र हवंय.

नोडवाली:
काहीही विकत घेऊ नकोस. ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडर झालेल्या चित्रावर काम करायच्या भागात, चमक घालणारा ग्लेअर नोड आहे. पूर्वी ईव्ही या रेंडर इंजिनमध्ये ब्लूमची (उजळ भागाभोवतीच्या मऊ उजेडाची) वेगळी खूण असायची, ती ४.२ आवृत्तीपासून काढली, आता ब्लूमसुद्धा याच नोडमध्ये मिळतो. थ्रेशोल्ड, म्हणजे किती उजळ भागापासून चमक धरायची ती मर्यादा, १ वर असेल तर सूर्याबरोबर अख्खं उजळ आकाश चमकायला लागेल. म्हणून सूर्याची तीव्रता खूप वाढव आणि थ्रेशोल्डही वर ने, म्हणजे फक्त सूर्यच पकडला जाईल. आधी ब्लूम, मग स्ट्रीक्स (किरणांच्या रेघा) अगदी थोडे. घोस्ट्स (चकत्या) सगळ्यात शेवटी, तेही वाटलं तर.

उरवाईकर:
फ्लेअरचं नंतर बघू. मानमंदिराची निळ्या फरशांची ती लांब बाजू पूर्वेकडे तोंड करून आहे. ती समोर दिसतेय म्हणजे आपण पूर्वेला उभे आहात आणि पाहताय पश्चिमेकडे. मग मागे उगवता सूर्य कसा? तो आपल्या पाठीशी हवा. उगवताच दाखवायचा तर उरवाईच्या, म्हणजे पश्चिमेच्या, बाजूने किल्ला घ्या. पण मग निळे बुरूज विसरा.

बाड्यावरचा:
काका, चित्र आहे, नकाशा नाही. कोण होकायंत्र घेऊन प्रदर्शनाला येणार आहे?

उरवाईकर:
ग्वाल्हेरची माणसं येणार आहेत. त्यांना किल्ला रोज दिसतो. राजा मानसिंह तोमरांनी तो महाल पूर्वेच्या कड्यावर बांधला, सकाळचं ऊन फरशांवर पडतं तेव्हा तो निळा रंग खुलतो. सूर्य मागे ठेवलात तर भिंत सावलीत जाणार, निळं काही दिसणारच नाही. हा उजेडाचाच प्रश्न आहे.

जुना_रोल:
उरवाईकरांचं बरोबर आहे, आणि फ्लेअरशी त्याचा थेट संबंध आहे. फ्लेअर उठून दिसतो तो अंधाऱ्या जागेवर. सावलीतल्या भिंतीवर चकत्या ठळक येतील, उजळ आकाशावर विरून जातील.

आता मूळ मुद्दा. फ्लेअर कॅमेऱ्यात होतो. भिंगाच्या आत बऱ्याच काचा असतात, त्यांच्या पृष्ठभागांवर प्रकाश पुन्हापुन्हा परावर्तित होतो, त्यातून त्या चकत्या येतात. त्या सूर्यापासून चौकटीच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवर पडतात. म्हणून आधी चित्र कापून घ्यायचं, फ्लेअर नंतर. उलट केलंत तर रेषा मध्यातून जाणार नाही, आणि कारण कळलं नाही तरी खोटेपणा डोळ्याला खुपतो. चकतीचा आकार भिंगातलं छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांवरून ठरतो: सहा पाती तर षटकोन. सूर्याभोवतीची टोकंही त्यावरच. पाती सम असतील तर तितकीच टोकं, विषम असतील तर दुप्पट. सात पात्यांना चौदा. षटकोनी चकत्या आणि चौदा टोकांचा तारा एका चित्रात ठेवू नका.

आणि फ्लेअर सगळ्याच्या वर येतो. बुरुजाच्या मागे गेलेली चकती मी प्रदर्शनांत पाहिली आहे. सूर्य बुरुजाआड जातो, चकती कधीच नाही.

रेंडरबहाद्दर:
ऑप्टिकल फ्लेअर्समध्ये हे सगळं तयार मिळतं.

चंबळपार:
ग्लेअर नोड वापरा, ब्लेंडरमध्येच आहे, फुकट आहे.

नोडवाली:
@चंबळपार तेच वर लिहिलंय.

तिघरा:
मी तर म्हणतो, फ्लेअर नकोच. निसर्गचित्र पाहणाऱ्याला तिथे उभं असल्यासारखं वाटायला हवं, आणि डोळ्याला अशा षटकोनांची रांग कधी दिसत नाही. आपल्याकडे हवेत धूळ असते, हिवाळ्यात धुकं. सूर्याभोवतीचा उजेड त्यातून पसरतो. तो दाखवा. व्हॉल्यूम स्कॅटर (हवेत पसरणारा खरा उजेड मोजणं) ८ जीबीवर रडवेल, त्यापेक्षा मिस्ट पास (कुठली गोष्ट किती दूर ते दाखवणारं करडं चित्र) काढा आणि कंपोझिटरमध्ये दूरच्या भागावर फिकट पिवळट रंग मिसळा. अर्धं काम तिथेच होतं. आणि दाट धुकं दाखवणार असाल तर चकत्या मुळीच नकोत. सूर्य इतका मंद असताना फ्लेअर येतोच कुठे?

छपाईवाले_काका:
कुणी छपाईचं बोललंच नाही. पडद्यावर सूर्य चमकतो, कागदावर पांढरा म्हणजे फक्त कोरा कागद. सूर्याजवळचं आकाश दोन पायऱ्या गडद ठेवा, तरच तो उजळ दिसेल. जांभळ्या-निळ्या चकत्या छपाईत मळकट होतात. सौम्य उजेडात पट्टे पडतात, त्यासाठी १६ बिटची फाइल ठेवा आणि थोडा ग्रेन (बारीक दाणेदारपणा) घाला. फ्लेक्सवर तर छापूच नका. परवाच एकाने हट्टाने छापून घेतलं, आता माझ्याशी भांडतोय.

किल्लावेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज बसून केलं. उरवाईकर काकांचं ऐकलं: बुरूज तेच ठेवले, सूर्य मावळता केला, चित्राचं नावही बदललं. भिंत सावलीत गेली, पण आकाशाचा थोडा उजेड दिला, निळं दिसतंय. ग्लेअर नोडमधून फक्त ब्लूम घेतला, मिस्ट पासने कडा छान मागे गेला.

पण चकत्या ठेवतेय. नोडमधल्या घोस्ट्सना षटकोन येत नाहीत, म्हणून क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काळ्या लेयरवर हाताने काढल्या, लेयर स्क्रीन मोडवर (काळं दिसत नाही, उजळ तेवढं मिसळतं), रेषा मध्यातून. चार आहेत, सगळ्या तांबूस. घरात किल्ल्याचे जे जुने फोटो आहेत त्यांत त्या आहेत, आणि मला किल्ला तसाच आवडतो. फोटोतलाच किल्ला करायचाय मला.

तिघरा:
चारच्या दोन करा. खालच्या दोन हत्ती पोळ या दरवाजावर येतायत.

किल्लावेडी:
नाही, चारच.

छपाईवाले_काका:
तांबूस केल्यात हे चांगलं. पूर्ण छापण्याआधी फक्त त्या भिंतीचा तुकडा ए-फोरवर काढून बघा, हजारात बसेल.