कोरीवकामाची जुनी खुर्ची: गोव्याची की मुंबईची?

प्रश्न: आमच्याकडे काळपट जांभळ्या, जड लाकडाची एक खुर्ची असून तिच्या पाठीवर आरपार कोरलेल्या वेली, फुले आणि पक्षी इतके दाटले आहेत की सपाट जागा जवळपास उरलेलीच नाही. बैठक वेताची आहे. ती गोव्याची, पोर्तुगीजकालीन असल्याचे घरात सांगतात. हे कसे पडताळावे?

उत्तर १: वर्णनावरून ती मला मुंबईची वाटते. १९व्या शतकाच्या मध्यास तेथील कारागीर युरोपीय घाटाच्या खुर्च्या शिसवीत घडवून त्यांवर असेच जाळीदार कोरीवकाम करीत. हा माल ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणून ओळखला जातो. गोव्याच्या १७व्या शतकातील कपाटा-पेट्यांची ओळख प्रामुख्याने हस्तिदंत व आबनुसाच्या जडावकामाची आहे.

उत्तर २: मुंबईबद्दल सहमत आहे, परंतु नक्षीवरून शैली कळते, वय नव्हे, कारण लोकप्रिय नमुन्यांच्या नकला पुढेही होत राहिल्या. खुर्ची उलटी करून स्क्रू पाहावेत. बोथट टोकाचा, हाताने कानस मारलेला स्क्रू साधारणपणे १८५० पूर्वीचा असतो. अधिक चिन्हासारखी खाच असेल तर तो १९३० च्या दशकापूर्वीचा नाही, अर्थात तो दुरुस्तीतही बसवलेला असू शकतो. बैठकीखालच्या लाकडावर करवतीच्या कमानदार खुणा असल्यास ते यंत्रावर चिरलेले आहे. वेतावर मात्र विसंबू नये, तो वारंवार बदलला जातो.

उत्तर ३: तपासणी होईपर्यंत जुने पॉलिश कृपया खरवडू नका.